परदेशातून आलेला गिअरबॉक्स



पाटणादेवीच्या डोंगराखालच्या वस्त्यांवर गेल्या पावसाळ्यात आपली गाडी का आली नाही, असं पुष्कळांनी विचारलं. एका बाळंतिणीला खाटेवर टाकून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागलं. आई आणि बाळ सुखरूप आहेत. पण गाडी उभी होती ती एका गिअरबॉक्सपायी, आणि गिअरबॉक्स अडकला होता माझ्या चुकीपायी. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक आखाती देशांत, इंग्लंड-अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडून कोणी गाडीचा जड पार्ट मागवणार असेल, तर हे आधी वाचावं.

आपली फोर-व्हील गाडी जुनी, परदेशी बनावटीची. चाळीसगावच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स खोलला आणि दात गेलेले दाखवले. मुंबईत चौकशी केली, पार्ट मिळेना. जर्मनीतल्या एका हितचिंतकांना कळवलं. त्यांनी तिकडच्या भंगारवाल्याकडून एक चालू स्थितीतला गिअरबॉक्स मिळवला. पेटीसकट ४६ किलो. मी त्यांना सांगितलं, ‘माझ्याच नावावर पाठवा, संस्थेचं नाव घातलं की कागद वाढतात. वर भेट म्हणून लिहा.’ त्यांनी तसंच केलं, आणि किंमत शून्य लिहिली.

पेटी विमानाने मुंबईला आली आणि कस्टम्सने थांबवली.

पहिली अडचण ‘शून्य’ या आकड्याची. भेट दिली म्हणून वस्तूची किंमत नाहीशी होत नाही. आकारणीसाठी वस्तूची किंमत, तिथून इथवरचं भाडं आणि विमा यांची बेरीज धरतात. भाडं कळत नसेल तर किमतीच्या २० टक्के आणि विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के धरायचा, असा २००७ च्या मूल्यांकन नियमांत हिशेब आहे. माल विमानाने आला असेल तर भाडं प्रत्यक्षात कितीही असो, २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. समजा पार्ट ३०,००० रुपयांचा आणि विमानभाडं २४,०००. हिशेबात भाडं फक्त ६,००० येतं, विम्याचे साधारण ३३८, म्हणजे आकारणीची किंमत ३६,३३८ रुपये. बोटीने आणलं तर खरं भाडं धरतात. या किमतीवर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी. मूळ दर वस्तू कोणत्या सदरात बसते त्यावर ठरतो. गिअरबॉक्स ८७०८ मध्ये येतो, सुटी बेअरिंग ८४८२ मध्ये, अख्खं डिझेल इंजिन ८४०८ मध्ये. म्हणून पाठवणाऱ्याने नुसतं ‘गाडीचे पार्ट’ असं लिहू नये. पार्टचं नाव, नंबर आणि खरी किंमत लिहावी, सोबत बिल जोडावं.

दुसरी अडचण मोठी होती. पार्ट जुना. यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या परकीय व्यापार धोरणात ‘निर्बंधित’ आहे. सरकारी परवाना लागतो. भंगारातला स्वस्त पार्ट पाहून आपण हरखतो, पण बंदरावर तोच सर्वांत महाग पडतो. नवा घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता.

तिसरा प्रश्न मला आजही आठवतो. ‘गाडी कोणाच्या नावावर आहे?’ वैयक्तिक वापरासाठी थोडंफार आणणाऱ्याला आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, लागत नाही. आधार, पॅन वगैरे ओळखीचे कागद चालतात. पण आरसी बुकावर माझं नाव नव्हतं, संस्थेचं होतं. मग ‘वैयक्तिक वापर’ हे शब्द खोटेच होते. मी खोटं बोलतोय असं मला तोवर वाटलंही नव्हतं, हे इथे कबूल करतो.

इथे आणखी एक कायदा येतो, आणि तो संस्थेच्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवा. २०१० च्या परकीय योगदान कायद्यात (आपण त्याला एफसीआरए म्हणतो) योगदान म्हणजे फक्त पैसे नव्हेत, वस्तूसुद्धा. एखाद्याला स्वतःच्या वापरासाठी दिलेली, एक लाखापर्यंत बाजारभावाची भेट यातून वगळली आहे. संस्थेच्या गाडीत बसणारा गिअरबॉक्स दहा हजारांचा असला तरी तो माझी खासगी भेट होत नाही. आपली नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते. वसतिगृहातल्या मुलांचं जेवण त्या नोंदणीवर अवलंबून आहे, आणि मी ते एका खोक्यासाठी पणाला लावत होतो.

एजंटाच्या सल्ल्याने आम्ही त्या मालावरचा हक्क लेखी सोडला. तसं केल्यास शुल्क भरावं लागत नाही, मात्र गुन्हा घडल्याचं दिसत असेल तर ही वाट बंद असते. गोदामभाडं आणि एजंटाची फी भरावीच लागली. ‘भाडं तिकडेच भरलंय’ यावर विसंबू नका. इकडचे खर्च वेगळे असतात. बोटीने थोडाच माल पाठवला तर बहुधा किमान एक घनमीटरचं भाडं लावतात, आणि न्हावा शेव्याला उतरल्यावर गोदाम, डिलिव्हरी ऑर्डर, एजंट, चाळीसगावपर्यंतचा ट्रक हे सगळं आपल्या माथी. कुठल्याही मार्गाने आलेला माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही, तर तो विकण्याची कारवाई होऊ शकते. म्हणून दोन्हीकडचा खर्च लेखी मागवूनच होकार द्यावा.

पेटीबद्दल थोडंसं. लाकडी पेटीवर उष्णता किंवा धुरी देऊन कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, साध्या फळ्या ठोकून चालत नाही. गिअरबॉक्समधलं तेल पूर्ण काढलेलं हवं. एअरबॅग आणि बॅटरी विमानाच्या नियमांत धोकादायक माल ठरतात. घरगुती सामानात त्या लपवून पाठवू नका.

आता जर्मनीच्या त्या बंधूंनी देणगी रीतसर दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या संस्थेच्या एफसीआरए खात्यात पाठवली आहे. नवा गिअरबॉक्स संस्थेच्या नावाने, पक्क्या बिलावर, मुंबईच्या एका आयातदार व्यापाऱ्यामार्फत मागवला आहे. मिस्त्रीने जुन्या गिअरबॉक्सवरचा नंबर घासूनपुसून त्याचा फोटो पाठवला, तो व्यापाऱ्याने जुळवून पाहिला. तोवर शेजारच्या गावातल्या एका शेतकरी भावाने रुग्णांसाठी आपली पिकअप देऊ केली आहे. तिच्या डिझेलचा खर्च या तिमाहीच्या हिशेबात वेगळा दाखवला आहे.