टाकाऊ मंडलफलकापासून शोभेच्या वस्तू

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम् मार्गावर, शोळिंगनल्लूर येथे संगणक-व्यवसायाच्या मोठमोठ्या कचेऱ्या आहेत. जेथे संगणक पुष्कळ, तेथे कालांतराने मोडके संगणकही पुष्कळ असावयाचेच. त्यांच्या पोटात जो हिरवा तक्ता आढळतो त्यास मुद्रित मंडलफलक म्हणतात. मंडल म्हणजे वीज जेथून निघाली तेथेच परत येण्याचा मार्ग. त्यावरील रेषांची नक्षी इतकी रेखीव असते, की तिचे पदक, डबीचे झाकण अथवा घड्याळाची तबकडी करावी असे कोणासही वाटेल. हे काम घरी करता येते. मात्र फलक कशाचा बनला आहे, हे आधी समजून घ्यावयास हवे.

फलकाची बैठक म्हणजे काचतंतूंचे कापड व त्यात जिरवून कठीण केलेली इपॉक्सी राळ. जाडी बहुधा १.६ मिलिमीटर. तीवर सुमारे ०.०३५ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा चिकटविलेला असतो. नको ते तांबे रसायनाने विरघळविले, म्हणजे उरलेल्या रेषा तारांचे काम करतात. ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर ह्यांनी १९३६ साली लंडनमध्ये अशा फलकाचा रेडिओ सिद्ध केला होता. हिरवा रंग मात्र तांब्याचा नव्हे. डाख भलतीकडे चिकटू नये म्हणून दिलेल्या लेपाचा तो रंग होय.

आता धोका कोठे आहे तो पाहू. कोरडा फलक करवतीने कापला, तर काचेची सूक्ष्म धूळ उडते. ती डोळ्यांस, त्वचेस व फुप्फुसांस बाधते. साधा रुमाल तिला अडवू शकत नाही. राळेने पेट घेऊ नये म्हणून तीत बहुधा ब्रोमीनची संयुगे घातलेली असतात. फलक जाळल्यास त्यांतून विषारी वायू निघतात. जुन्या डाखात शिसे असते. म्हणून सुटे भाग काढण्यासाठी फलक चुलीवर किंवा मेणबत्तीवर कदापि धरू नये. ज्यावर भाग बसविलेलेच नाहीत, असा कोरा फलक किंवा फलकाचा मोकळा कोपरा निवडावा. वीजपुरवठ्याच्या पेटीस तर हातच लावू नये. तिच्यातील धारित्रांत वीज साठून राहिलेली असू शकते.

सरळ कड हवी असेल तर पोलादी पट्टी धरून धारदार सुरीने दोन्ही बाजूंस त्याच रेषेवर पुनःपुन्हा ओरखडावे व टेबलाच्या कडेवर दाबून तुकडा मोडावा. गोलाईसाठी सोनाराची बारीक करवत चालते, पण फलक सतत ओला ठेवून. कडा घासावयाच्या त्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात, पाण्यात वापरावयाच्या पॉलिशकागदाने. मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर चष्मा व तोंडावर धूळरोधक मुखपट्टी लावूनच करावे. वाळल्यावर पारदर्शक लाखरोगणाचे दोन हात द्यावेत, कडांवर विशेषतः. सोनेरी टोकांच्या मुलाम्याखाली निकेल असते व ते अनेकांच्या त्वचेस सोसत नाही. कर्णभूषणाच्या मागे दुसरा तुकडा चिकटवावा, हे बरे.

घमेल्यातील पाणी मोरीत ओतू नये. शोळिंगनल्लूरजवळच पल्लिकरणैची दलदल आहे. २०२२ साली तिची रामसर पाणथळ म्हणून नोंद झाली. पाणी रात्रभर निवू द्यावे, जाड कापडातून गाळावे आणि खालचा गाळ व उरलेले तुकडे बंद डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्चक्रण-केंद्राकडे द्यावेत.