डोहाचा पत्ता

गळ टाकणारा माणूस बायकोला पगार सांगेल, पण डोह सांगणार नाही. मीही त्यातलाच. १९८४ साली कोकणातल्या एका शाखेत असताना आमच्या शिपायाने मला खडसाचा डोह दाखवला. बँकेत गोपनीयतेची शपथ घेतलेली होतीच. ती मी डोहालाही लावली.

सात वर्षांनी एका रविवारी गेलो, तर काठाला बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. जिलेटिनच्या कांड्या! मोठे मासे चोरट्यांनी नेले होते. पाण्यात सुरुंग उडवणं १८९७च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलं. पण गुन्हा पाहणारा कुणी हवा ना? वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने स्फोट ऐकला होता. मी रागावलो, तर म्हणाला, "सायेब, तुम्ही पण गुपचूप येता, ते पण गुपचूप आले. आम्ही अडवायचा कोनाला?"

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, वरदायिनीचा डोह. तिथले खडस साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. माणसं चुरमुरे टाकतात, मासे वर येतात, गळ कुणी टाकत नाही. देवीचा धाक आहेच, पण गावाचे डोळेही आहेत.

म्हणून डोहाचा पत्ता वर्तमानपत्रात छापावा, असं मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईच्या गाड्या पुढच्याच रविवारी हजर होतील. पण तो वाडीपासूनही लपवण्यात मासे वाचवण्याचा हेतू किती आणि एकट्याने पकडण्याचा किती, हा हिशेब मात्र बँकेत आयुष्य घालवूनही मी कधी मांडला नाही.