थोरला घरी राहतो तेव्हा

आमच्या घरी दोन कॅमेरे आहेत. थोरला कपाटाच्या वरच्या कप्प्यात, हवाबंद डब्यात राहतो. पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागू नये म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि त्या वेळच्या वेळी बदलायचे काम माझ्याकडे असते. धाकट्याला असा काही मानमरातब नाही. दाराशेजारी किल्ल्या अडकवायच्या खुंटीवर तो लोंबत असतो. बाहेर पडताना किल्ली घेतली की तोही आपोआप खिशात येतो. पाहुण्यांना आम्ही थोरला दाखवतो. पण घरातल्या अल्बममध्ये डोकावलेत, तर गेल्या दहा-बारा वर्षांतले बरेचसे फोटो धाकट्याच्या खात्यावर जमा आहेत.

हा धाकटा घरात आला तो एका फजितीनंतर. फजिती म्हणजे हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे.

२०१४ च्या मे महिन्यात आईचे सहस्रचंद्रदर्शन झाले. नातेवाईक गोळा झाले होते. फोटोची जबाबदारी अर्थातच माझी. संध्याकाळी एक्क्याऐंशी दिव्यांचे ताट सजले, सभागृहातले दिवे मालवले आणि सुना-लेकींनी आईला ओवाळायला सुरुवात केली. मी थोरला डोळ्याला लावला, बटण दाबले. आतला आरसा वर गेला तो खाली येईचना! डोळ्यापुढे अंधार आणि मागच्या पडद्यावर इंग्रजीत बिघाडाची सूचना. मी बॅटरी काढून घातली, भिंग काढून लावले, बंद करून चालू केला. या साऱ्या उपद्व्यापात चार-पाच मिनिटे गेली. मान वर केली तेव्हा सभागृहातले दिवे लागले होते आणि मंडळी पेढे वाटत होती. भाच्यांनी फोनवर काढलेल्या फोटोंत पिवळ्या प्रकाशाचे फराटे, कुणाचे तरी हात आणि कुणाच्या तरी अंबाड्याची मागची बाजू एवढेच आले.

रात्री आई म्हणाली, "फोटोचं जाऊ दे रे. पण तू ताटाकडे बघितलंससुद्धा नाहीस."

ते वाक्य घेऊनच मी पुढच्या आठवड्यात मुंबईला फोर्टमधल्या एका जुन्या दुकानात गेलो. थोरल्यासारखाच आणखी एक कॅमेरा घ्यायचा, म्हणजे पुन्हा असा प्रसंग येणार नाही, असा सरळ हिशेब होता. गल्ल्यावर बसलेल्या वयस्क मालकांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "साहेब, तुमचा कॅमेरा बिघडला किती वेळा?"

"आठ वर्षांत एकदा."

"आणि घरी राहतो किती वेळा?"

मी गप्प झालो. मनातल्या मनात मोजू लागलो. मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन : गर्दीत कुठे सांभाळायचा म्हणून घरी. कोकणातला प्रवास : एसटीत आदळेल म्हणून घरी. मित्राकडची दिवाळीची पहाट : फराळाला जाताना पावणेदोन किलोचे धूड खांद्यावर कशाला, म्हणून घरी. थोरला बिघडला तर काय, हा प्रश्न आठ वर्षांत एकदा पडला होता. थोरला घरी राहिला तर काय, हा प्रश्न दर आठवड्याला पडत होता आणि मी तो स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

वाचकहो, जोडीचा कॅमेरा निवडण्याचे सगळे शास्त्र या एका प्रश्नात आले. ज्यांचा पोटापाण्याचा धंदा फोटोग्राफीवर चालतो, त्यांना थोरल्याचा जुळा भाऊच हवा. लग्नाचे फोटो काढणारा माणूस दोन सारखे कॅमेरे गळ्यात अडकवतो ते उगाच नाही. सप्तपदी पुन्हा होत नसते. पण आपल्यासारख्या हौशी माणसाला हवा असतो तो थोरला जिथे जात नाही तिथे जाणारा. म्हणून निवड करताना थोरल्याला काय काय जमते याची यादी बाजूला ठेवावी आणि त्याला काय जमत नाही याची करावी.

खरे तर छोट्या कॅमेऱ्याचा जन्मच या गरजेतून झाला. जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना डोंगर-रानांत भटकण्याची आणि फोटोंची हौस. पण दम्याचा विकार असल्याने काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन चढण चढणे जमेना. १९१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून हातात मावेल असा एक कॅमेरा स्वतःपुरता बनवला. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तोच सुधारून 'लायका' या नावाने जगापुढे आला. पुढे पन्नास-साठ वर्षे ज्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीला आपण 'कॅमेऱ्याचा रोल' म्हणून ओळखत आलो, ती चौकट ही एका दमेकरी माणसाने केलेली सोय होती.

जपानमध्ये ऑलिंपस कंपनीत योशिहिसा मैतानी यांनी हाच विचार आणखी पुढे नेला. १९७२ मध्ये त्यांनी मोठ्या कॅमेऱ्यांमधला आटोपशीर असा ओएम-१ काढला आणि १९७९ मध्ये खिशात मावणारा एक्सए. या एक्सएला ना कातडी पिशवी, ना भिंगावरचे झाकण. पुढचा पत्रा बाजूला सरकवला की कॅमेरा तयार, पुन्हा सरकवला की बंद. म्हणजे थोरला आणि धाकटा दोन्ही एकाच हाताने घडवले होते, आणि त्या माणसाने धाकट्याला थोरल्याची नक्कल होऊ दिले नाही.

पुन्हा फोर्टातल्या दुकानात येऊ. मालकांनी काचेवर तीन कॅमेरे मांडले. माझा हात लगेच पडला तो तीसपट झूम लिहिलेल्या कॅमेऱ्यावर. ते हसले. म्हणाले, "पावसात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त जमेल?" कॅमेऱ्यातली परात म्हणजे त्याचा सेन्सर, जुन्या भाषेत सांगायचे तर फिल्मचा तुकडा. प्रकाशाचा पाऊस यावर पडतो. फुल फ्रेम म्हणतात त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. त्याखालचा एपीएस-सी साधारण ३७०. मग 'एक इंची' म्हणतात तो सुमारे ११६. आणि तीसपट झूमच्या कॅमेऱ्यांत बहुधा असतो तो अवघा २८ च्या आसपास. (एक इंची सेन्सर कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून चालत आले आहे.) भर उन्हात वाटीही भरते, त्यामुळे दुपारी काढलेल्या फोटोंत फरक जाणवत नाही. पण दिव्यांच्या ताटापाशी, कीर्तनाच्या मंडपात, रात्रीच्या स्वयंपाकघरात वाटी कोरडी राहते आणि फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. मेगापिक्सेलचा आकडा वाढवून हे दुखणे बरे होत नाही. त्याच वाटीचे जास्त कप्पे पाडले म्हणून पाणी वाढत नाही!

तेव्हा पहिली कसोटी सेन्सरची. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात निदान एक इंची सेन्सर पाहावा. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स-१०० काढला आणि अवघ्या २४० ग्रॅमच्या कॅमेऱ्यात हा सेन्सर बसवून दाखवला. २०१३ पासून रिकोच्या जीआर मालिकेत तर एपीएस-सी सेन्सर आहे आणि वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. मात्र त्याचे भिंग एकाच मापाचे, झूम नाही.

दुसरी कसोटी भिंगाची. भिंगावर एफ १.८, एफ २.८ असे आकडे असतात. आकडा लहान तितके भिंगाचे दार मोठे. झूमच्या कॅमेऱ्यांत एक मेख असते. जवळच्या टोकाला आकडा १.८ असला तरी झूम ताणला की तो ४ किंवा ५ वर जातो आणि दार अरुंद होते. म्हणून दोन्ही टोकांचे आकडे विचारावेत. झूम हवा की नको, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग. मला शाळेच्या स्टेजवरची मुलगी टिपायची होती, म्हणून मी एक इंची सेन्सरचा, बेताच्या झूमचा कॅमेरा घेतला. माझा एक मित्र दरवर्षी पुण्याहून सासवडपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालतो. त्याने एकाच मापाच्या भिंगाचा घेतला. दिवेघाट चढताना पावसाची सर आली की त्याचा थोरला प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो आणि धाकटा रुमालात गुंडाळून खिशात. सर ओसरली की सेकंदात बाहेर. "झूम नाही म्हणून मलाच पुढे जावं लागतं," तो म्हणतो, "आणि पुढे गेलो की माणसं बोलतात."

तिसरी कसोटी खिशाची. ही दुकानातच करून पाहावी, लाजू नये. खिसा म्हणजे आपल्या रोजच्या पँटचा किंवा पर्सचा. माहितीपत्रकातल्या खिशावर जाऊ नये. फुजीचा एक्स-१०० हा २०११ पासून नावाजलेला कॅमेरा. त्याला डोळा लावून पाहायची सुरेख खिडकीही आहे. पण तो कोटाच्या खिशातला, पँटच्या नव्हे. आपल्या हवेत कोट घालायचा कधी? मात्र डोळा लावायची ही खिडकी हवीच असेल, तर थोडी जाडी सोसावी. मे महिन्यातल्या दुपारी मागच्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो, फोटो दिसत नाही.

उरलेल्या गोष्टी लहान, पण रोज टोचणाऱ्या. कॅमेरा चालू करून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो, ते मनात आकडे मोजून पाहावे. थोरल्याचे मेमरी कार्ड धाकट्यात चालते का, ते बघावे. थोरल्याच्याच घराण्यातला धाकटा मिळाला तर उत्तम. बटणे आणि यादी ओळखीची असली की आयत्या वेळी बोटे अडखळत नाहीत. चांगल्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा भिंगातच पाकळ्यांची झडप असते. ती मिटते-उघडते तेव्हा जेमतेम टिक ऐकू येते. थोरल्याचा आरसा खटॅक करतो आणि गाण्याच्या मैफलीत चार माना मागे वळतात. जुना कॅमेरा घेत असाल तर भिंग चार-पाच वेळा बाहेर-आत करून बघावे, अडखळले तर घेऊ नये. मग एखाद्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. सेन्सरवर धूळ असेल तर तिचे डाग तिथे दिसतात. आणि घरात कॅमेरा आला की महिन्यातून एकदा बॅटरी भरून ठेवावी. प्रसंगाच्या वेळी मृत निघणारी जोड ही जोड नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे खरे, पण खिशात फोन असतोच की! प्रश्न रास्त आहे. एके काळी जगभरात वर्षाला दहा कोटींहून अधिक छोटे कॅमेरे कंपन्यांकडून बाजारात जात. २०२३ मध्ये तो आकडा वीस लाखांच्याही खाली आला. ही फोनचीच करामत. आजचे फोन दिव्यांच्या उजेडातही पुष्कळ चांगले फोटो काढतात आणि ज्यांना तेवढे पुरते त्यांनी दुसरा खर्च करू नये. पण फोनमध्ये फोटो काढता काढता निरोप येतो, निरोपाला उत्तर जाते आणि समोरचे मूल निघून गेलेले असते. कॅमेऱ्याला एकच काम असते. शिवाय त्याला बोटात बसणारी मूठ असते आणि खरा झूम असतो. आता गंमत अशी, की घरच्या ड्रॉवरमधले जुने डिजिटल कॅमेरे शोधून तरुण मुले हौसेने गळ्यात अडकवताना दिसतात.

पण धाकट्याचा सगळ्यात मोठा गुण कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नव्हता. तो मला आईने दाखवला. थोरला बाहेर काढला की आई सावध व्हायची. "थांब, केस नीट करते," म्हणायची, पदर सारखा करायची, चष्मा काढून ठेवायची आणि रेशनकार्डावरच्या फोटोसारखी ताठ बसायची. थोरल्याने काढलेले तिचे पन्नासेक फोटो आहेत. साऱ्यांत तीच ताठ बाई आहे. धाकट्याला ती कॅमेरा समजतच नव्हती. तिच्या लेखी ते मुलांचे खेळणे होते.

तो आल्यावर आई आणखी तीन वर्षे होती. आज बैठकीच्या खोलीत तिचा जो फोटो आहे, तो सहस्रचंद्रदर्शनाचा नाही. सकाळची वेळ, गॅलरीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेले, पुढ्यात मेथीची जुडी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि शेजारच्या काकूंच्या कुठल्याशा बोलण्यावर आई मान मागे टाकून हसते आहे. मी भाजी आणायला निघालो होतो. किल्ली घेतली, म्हणून धाकटाही हातात होता. एक टिक झाली. तिने वळूनही पाहिले नाही. मी कॅमेरा खिशात टाकला आणि दोन मिनिटे तिथेच उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो.