ऑरेंज अलर्ट आला, आता दुकानात कोण काय करणार?



मार्केटिंग, जीएसटी, उधारी वसुली यावर आपण भरपूर बोललो. आज विषय पावसाचा. धंद्याच्या प्लॅनमध्ये पाऊस कोणी लिहीत नाही, पण पुरात माल गेला की दुकान पुन्हा उभं करायचं भांडवल आपल्यालाच शोधावं लागतं.

पाऊस तिकडे, पाणी इकडे

ऑगस्ट २०२० चा शेवट आठवा. मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं आणि वैनगंगा फुगली. गोंदिया, भंडारा, पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली, चारही जिल्ह्यांत पुराचं पाणी शिरलं. भंडारा शहरातल्या वस्त्या बुडाल्या. म्हणजे नदीकाठी धंदा असेल, तर फक्त आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून चालत नाही. शिवनी-बालाघाटचा पाऊसही आपलाच समजायचा.

तुम्ही म्हणाल, आपण फुलचूर-गोंदियावाले, वैनगंगा आपल्यापासून लांब आहे. बरोबर. पण नाली तुंबली की नदीची गरज पडत नाही. गोडाऊनमध्ये वीतभर पाणी आलं तरी तांदळाच्या पोत्यांचा खालचा थर गेलाच म्हणून समजा.

इशारा फुकट मिळतो, तयारी आपली

हवामान खात्याचं नागपूर केंद्र विदर्भाचे जिल्हावार इशारे देतं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, असा खात्याचा हिशेब आहे. मेसेज आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतो. आपण तो ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि पुन्हा गिऱ्हाईक बघतो! गडबड इथेच आहे. रंग कळतो, पण त्या रंगाला करायचं काय ते ठरलेलं नसतं.

म्हणून ते आजच ठरवा. माझ्या दुकानात काउंटरच्या मागे हा कागद चिकटवलेला आहे:

- यलो: दुकानासमोरची नाली आणि छताची पन्हाळ साफ. पॉवर बँक, टॉर्च चार्ज.
- ऑरेंज: खालच्या दोन फळ्या रिकाम्या. पोती लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर. नवीन मालाची गाडी थांबवायची. उधारीची वही आणि खरेदीची बिलं प्लास्टिकमध्ये बांधून वर, त्यांचे फोटो मोबाईलमध्ये.
- रेड: पाणी यायच्या आधी मेन स्विच बंद, शटर खाली, पोरं वेळेत घरी. पाणी शिरल्यावर स्विचला हात लावायचा नाही. माल पुन्हा भरता येतो, माणूस नाही.

प्रत्येक कामासमोर एक नाव लिहा. "कोणीतरी करेल" म्हटलं की कोणीच करत नाही. खाली दोन नंबर ठेवा: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ आणि आपत्कालीन मदत ११२. डिलिव्हरीवर पोरगा पाठवत असाल तर त्याच्या फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप टाकून द्या. आसपास वीज पडण्याचा धोका असला की ते आधी सांगतं.

विमा: स्वस्त पाहू नका, पुरेसा पाहा

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या धंद्यासाठी ती आहे, आणि आगीसोबत पूर-वादळही त्यात येतं. पण हिशेब समजून घ्या. माल १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला साधारण १ लाखच हातात येतो. कमी विम्याला १५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, त्यापुढे नाही. दिवाळीआधी माल वाढतो, तेव्हा रक्कमही वाढवा. बँकेनं कर्जासोबत विमा काढला असेल तर पॉलिसी मागून घ्या आणि गोडाऊनचा पत्ता त्यात आहे का ते बघा. महिन्यातून एकदा स्टॉकचा व्हिडिओ काढून ठेवा. क्लेमच्या वेळी तोच बोलतो.

एकट्या दुकानदाराचं काम नाही

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरानं चिपळूणची बाजारपेठ बुडाली. २००५ चा पूर पाहिलेलं गाव ते! पाणी ओसरल्यावर दुकानं धुऊन लोक गप्प बसले नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटी चिपळूण बचाव समितीनं साखळी उपोषण केलं, नदीतला गाळ काढा ही मागणी लावून धरली, आणि गाळ काढायचं काम सुरू झालं.

आपल्याला उपोषणाची वेळ येऊ द्यायची नाही. तुमच्या लाइनीतले दहा दुकानदार गोळा करा, मे महिन्यातच नाली सफाईचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि पोचपावती घ्या.

या रविवारचं काम एवढंच: तीन रंगांचा कागद लिहून भिंतीला लावा. तुमच्या धंद्यात ऑरेंजला सगळ्यात आधी काय उचलावं लागेल, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.