स्टीव्ह पॅक्स्टन: चालणं म्हणजेही नाच!

अ‍ॅरिझोनातला हा जिम्नॅस्ट 1961 मध्ये नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमच्या नृत्य कंपनीत गेला. पण नुसत्या सफाईदार नाचात त्याचं मन रमेना. 1967 च्या ‘सॅटिस्फायिन लव्हर’ या नृत्यरचनेत त्याने साध्या माणसांना रंगमंचावरून फक्त चालायला, उभं राहायला आणि खुर्चीवर बसायला लावलं. बस्स, एवढंच! काहींना ही चेष्टाच वाटेल. मला मात्र प्रत्येकाची चाल वेगळी दिसते.

1972 मध्ये ओबर्लिन कॉलेजात त्याचे विद्यार्थी गाद्यांवर एकमेकांना धडकले, आपटले, लोळले आणि शेवटी काही मिनिटं नुसते उभे राहिले. त्यातूनच ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ आकाराला आलं: दोन शरीरं, एक स्पर्शबिंदू, एकमेकांवर टाकलेला भार. पडायचं कसं, हे तो आयकिडो या जपानी युद्धकलेतून शिकला होता.

विशेष म्हणजे, या पद्धतीवर त्याने कधी मालकी सांगितली नाही. 2024 मध्ये तो गेला.