येऊ घातलेल्या यंत्राची तजवीज

वर्सोव्याच्या मेट्रो स्थानकावर उतरून जुहूच्या दिशेने निघालेल्या माणसाने गुलमोहर मार्गाच्या नवव्या आडरस्त्याची चौकशी केली, तर त्याला ज्या इमारतीपाशी नेऊन पोहोचवतील तिच्यावर आज ‘सी-डॅक’ या सरकारी संगणक-संस्थेची पाटी आहे. पण ज्या संस्थेचा वारसा ही पाटी सांगते, ती म्हणजे १९८५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुशीतून निघून स्वतंत्र झालेले व पुढे ‘एनसीएसटी’ या आद्याक्षरांनीच ओळखले गेलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. बुद्धिमान यंत्रे येणार आहेत, तेव्हा ती येण्यापूर्वी आपण काही तजवीज केली पाहिजे, हा विचार मुंबईच्या या उपनगरात सरकारी दप्तरी नोंदला गेला तो या केंद्राच्या कारभारात, आणि तोही आज अमेरिकेत ज्या मंडळींच्या नावाने तो ओळखला जातो त्यांच्यापैकी कित्येक शाळेत जात होती त्या काळी.

निमित्त जपानचे होते. जपानी सरकारने १९८२ साली ‘पाचव्या पिढीचे संगणक’ या नावाने दहा वर्षांची एक मोहीम आखली. माणसाप्रमाणे अनुमान करणारी, बोललेले समजणारी, तज्ज्ञाची जागा घेऊ शकणारी यंत्रे तयार करावयाची असा तिचा संकल्प होता, आणि त्याच्या वार्तेने लंडनपासून वॉशिंग्टनपर्यंतच्या मुत्सद्द्यांची झोप उडाली. दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा जो प्रकल्प हाती घेतला, तो याच वाऱ्याने हललेले एक पान होय. काम वाटून दिले होते: कुलाब्याच्या टाटा संस्थेकडे वाणीचे संस्करण, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे समांतर संगणन, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेकडे प्रतिमांचा अभ्यास, आणि एनसीएसटीकडे तज्ज्ञ-प्रणाली. केंद्राचे पहिले संचालक श्रीनिवासन रमणी हे स्वतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासातून आलेले. १९८९ च्या डिसेंबरात या विषयावर मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि ‘विद्वान’ या नावाची एक प्रणालीही एनसीएसटीत तयार झाली, जिच्यात कोणत्याही विषयाचे नियम भरावेत आणि तिच्याकडून त्या विषयापुरता सल्ला घ्यावा.

या साऱ्यामागे उभे असलेले वडीलधारे व्यक्तिमत्त्व प्रा. रंगस्वामी नरसिंहन यांचे. देशात घडवलेला आरंभीचा मोठा संगणक जो ‘टिफ्रॅक’, १९६० साली कुलाब्यास कामास लागलेला, त्याची उभारणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. पण यंत्र उभे करणाऱ्या या माणसाने उत्तरायुष्यातली बरीच वर्षे लहान मूल भाषा कशी आत्मसात करते हे पाहण्यात घालवली. बुद्धी ही सुटी काढून मोजता येणारी वस्तू मानण्याऐवजी ती परिसराशी चाललेल्या वर्तनात शोधावी, असा त्यांच्या अभ्यासाचा रोख होता, आणि आज अतिप्रज्ञ, म्हणजे माणसाहून सरस बुद्धीच्या, यंत्रांविषयी लिहिणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांच्या ग्रंथांत हा रोख इतका क्वचित आढळतो की नरसिंहन यांचे नाव त्या चर्चेत कोठेच नसावे याचे मला आश्चर्य वाटत नाही, खेद मात्र वाटतो.

पाचवी पिढी फसली. १९९२ मध्ये जपानची मुदत संपली तेव्हा हाती काही उत्तम संशोधन होते, परंतु तज्ज्ञाची जागा घेणारे यंत्र नव्हते. कारणे पुष्कळ सांगितली जातात. मुख्य कारण मात्र वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहूनही समजण्यासारखे आहे. तिथल्या वेसावे कोळीवाड्यातला जुना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, डोल जाळे केव्हा लावावे, उधाणाच्या कोणत्या दिवसापासून ओढ पुरेशी होते, भांगात होडी काढणे कधी फुकट जाते, हे ठरवण्यात चुकत नाही. पण वही-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसलेल्या तरुण अभियंत्याने ‘हे तुम्ही कशावरून ठरवता’ असे विचारले तर तो दोन-चार नियम सांगेल, त्या नियमांना पाच-पंचवीस अपवाद सांगेल, आणि शेवटी पाण्याकडे बोट दाखवील. नियम वहीत उतरतात. ज्या नजरेमुळे तांडेल तांडेल ठरतो ती उतरत नाही. वैद्य, कारागीर, न्यायाधीश, ज्याच्या म्हणून ज्ञानाची अशी उतरवणी करू पाहिली तेथे हाच अनुभव आला, आणि तज्ज्ञाकडून ज्ञान काढून घेण्याचे हे काम या शास्त्रातील अरुंद खिंड म्हणून प्रसिद्ध झाले. ही खिंड वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

अतिप्रज्ञ यंत्राच्या आगमनाची वाट पाहणारी, आणि त्या आगमनाला वळण लावू इच्छिणारी जी चळवळ आज जगभर दिसते, तिची गंगोत्री सहसा १९६५ मधल्या एका निबंधात दाखवली जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्युरिंगबरोबर शत्रूची गुप्तलिपी उकलण्याचे काम केलेले गणिती आय. जे. गुड यांनी त्यात असे प्रतिपादले, की माणसाहून सर्व बौद्धिक कामांत सरस असे एक यंत्र निघाले, तर यंत्रे घडवणे हेही बौद्धिक कामच असल्यामुळे ते स्वतःहून सरस यंत्र घडवील, ते आणखी सरस, आणि मग माणसाला दुसरा शोध लावण्याची गरजच उरणार नाही. अट एवढीच, की त्याला ताब्यात कसे ठेवावे हे आपल्याला सांगण्याइतके ते यंत्र सालस निघावे. हे यंत्र विसाव्या शतकातच निघण्याचा संभव अधिक, असेही त्यांनी लिहून ठेवले. १९९३ साली गणिती व कादंबरीकार व्हर्नर विंज यांनी तीस वर्षांची मुदत दिली. भविष्यकथन करणाऱ्यांच्या मुदती टळत जाणे हा प्रकार आपल्याकडे नवा नाही, आणि मी या मुदतींवर फारसा भरवसा ठेवीत नाही. परंतु मुदत चुकली म्हणून प्रश्न चुकला असे होत नाही.

चळवळीला चळवळीचे रूप आले ते २००० नंतर. एलिझर युडकोव्स्की या विशीतल्या तरुणाने त्या साली अशा यंत्राचे आगमन लवकर घडवून आणावे म्हणून एक संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आणि थोड्याच वर्षांत, यंत्राला सद्बुद्धी आपोआप येत नाही अशी खात्री पटून, तीच संस्था धोक्याची घंटा वाजवू लागली. एखाद्या मंडळाने आपला मूळ उद्देश इतक्या प्रामाणिकपणे उलटा केल्याची उदाहरणे सार्वजनिक जीवनात थोडीच सापडतील. ऑक्सफर्डमध्ये निक बॉस्ट्रॉम यांनी २००५ मध्ये संशोधनकेंद्र काढले व २०१४ मध्ये ‘सुपरइंटेलिजन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यामुळे हा विषय विद्वत्सभांतून उठून उद्योगपतींच्या दिवाणखान्यांत जाऊन बसला. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर ‘चॅटजीपीटी’ सामान्य लोकांच्या हाती आले, आणि पुढच्याच मे महिन्यात शेकडो शास्त्रज्ञांनी, त्यांत ज्या मज्जाजाल-पद्धतीवर ही यंत्रे चालतात तिचे एक जनक जेफ्री हिंटन हेही आले, एका वाक्याचे निवेदन काढून या यंत्रांपासूनचा धोका महामारी व अण्वस्त्रयुद्ध यांच्या पंक्तीला नेऊन बसवला.

धोका तो कोणता? बॉस्ट्रॉम यांचा कागदांच्या क्लिपा बनवणाऱ्या यंत्राचा दाखला जगप्रसिद्ध आहे; मला वेसाव्याचा दाखला अधिक पटतो. समजा, एखाद्या अतिशय हुशार यंत्राला आपण ‘जास्तीत जास्त मासळी पकड’ एवढेच सांगितले. ते बारीक आसाची जाळी लावील, पिल्ले उपसून काढील, विणीचा हंगाम पाळणार नाही; त्याच्या हिशेबाने ते हुकूमच बजावीत असेल. माणसांनाही हे वेगळे सांगावे लागलेच: पावसाळ्यातील दोन महिन्यांची मासेमारीबंदी आली, आणि २०२३ साली राज्य शासनाने, वर्सोव्यातच मुंबईचे केंद्र असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून, ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला; पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान असेल तर ते पकडावयाचे नाही. एवढ्या साध्या व्यवहारातला ‘पण’ कागदावर आणावयास पिढ्या लागल्या, आणि माणूस निदान आजोबांच्या धाकाने व नातवाच्या काळजीने थोडाफार आवरतो, यंत्राला दोन्ही नाहीत.

येथे ती खिंड परत येते. ज्ञान तज्ज्ञाकडून उतरवून घेता येईना म्हणून पाचवी पिढी अडली. नव्या यंत्रांनी कोट्यवधी पानांचे लिखाण वाचून ज्ञानापुरती ती खिंड बाजूने टाळली. परंतु आपल्याला काय हवे आहे, काय नको आहे, कोणत्या प्रसंगी कोणती गोष्ट चालेल, हे यंत्राला सांगण्याचे काम शिल्लकच आहे, आणि तेही तांडेलाच्या नजरेइतकेच वहीत न उतरणारे आहे. यावर दोन उपाय आज चालू आहेत. एकात माणसांपुढे यंत्राची दोन उत्तरे ठेवून ‘यातले बरे कोणते’ असे हजारो वेळा विचारतात व त्या निवडींवरून यंत्राला वळण लावतात. दुसऱ्यात यंत्रासाठी एक सनद लिहितात व तिच्याबरहुकूम त्याने स्वतःची उत्तरे तपासावीत असे शिकवतात. दोन्ही उपाय १९८६ च्या तज्ज्ञ-प्रणालींत भरलेल्या नियमांहून पुष्कळ पुढचे आहेत. तथापि यंत्र खरोखरच सुधारले, की परीक्षकासमोर सुधारल्यासारखे वागू लागले, हे बाहेरून ओळखण्याचे पक्के साधन अद्याप कोणाच्या हाती आलेले नाही, आणि माझ्या मते चळवळीच्या सगळ्या अतिशयोक्ती वजा केल्यावर उरणारा खरा ऐवज हाच आहे.

अतिशयोक्ती आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. उद्याच्या प्रलयाची चर्चा ही आजच्या अन्यायावरून लक्ष उडवण्याची सोय आहे, असा आक्षेप टिम्नित गेब्रू यांच्यासारख्या अभ्यासकांनी घेतला आहे. आणि जे धनिक प्रलयाची भीती बोलून दाखवतात त्यांतलेच काही ती यंत्रे सर्वांआधी बांधावयास निघतात, हे पाहिले म्हणजे आक्षेपात तथ्य वाटू लागते.

सरकारे जागी झाली ती उशिरा. गुड आणि ट्युरिंग यांच्याच ब्लेचली पार्कमध्ये १ व २ नोव्हेंबर २०२३ रोजी परिषद भरली व तिच्या जाहीरनाम्यावर भारतासह २८ देशांनी सही केली. पुढे सोल, पॅरिस आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी दिल्ली असा या परिषदांचा मुक्काम फिरला. आपल्या देशाच्या धोरणाचे बीज मात्र मुंबईतच सापडते. रिझर्व्ह बँकेने वित्तव्यवहारातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष पवईच्या आयआयटीतले प्रा. पुष्पक भट्टाचार्य होते, आणि त्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडलेली सात सूत्रे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांचा पाया ठरली. विश्वास, लोकहित, उत्तरदायित्व ही सूत्रे कोणासही मान्य होण्यासारखी आहेत. विचार करावयास लावणारे सूत्र तिसरे: संयमापेक्षा नवनिर्मितीला अग्रक्रम. हे सूत्र राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत यावयाच्या दोनच आठवडे आधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, हिंटन व त्यांच्याच क्षेत्रातले योशुआ बेंजिओ यांच्यासह हजारोंनी सह्या केलेल्या निवेदनात, सुरक्षिततेविषयी शास्त्रज्ञांत व्यापक एकमत आणि जनतेची संमती असल्याखेरीज अतिप्रज्ञ यंत्र बांधण्यास बंदी असावी, अशी मागणी झाली होती. ज्या देशापाशी अशी यंत्रे नाहीत त्याला संयमाचा उपदेश खटकावा हे स्वाभाविक आहे, आणि बँकेच्या कर्जव्यवहारापुरते ते सूत्र मला योग्यच वाटते. पण कर्जाच्या अर्जासाठी आखलेले माप अतिप्रज्ञ यंत्राला जसेच्या तसे लावावे की काय, हा प्रश्न त्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुरेसा हाती घेतलेला दिसत नाही.

दरम्यान पवईतच आयआयटीच्या नेतृत्वाखाली ‘भारतजेन’ हा भारतीय भाषांच्या यंत्रांचा प्रकल्प चालू आहे, व त्यासाठी केंद्राने सुमारे ९८८ कोटी रुपये मंजूर केले आहेत. मराठीतल्या दोन उत्तरांपैकी बरे कोणते, हे त्या यंत्राला सांगण्यासाठी माणसे लागतीलच. ती सारी संगणकशास्त्राची पदवीधर असू नयेत. त्यांत दवाखान्यातली परिचारिका असावी, तलाठी असावा, निवृत्त शिक्षिका असावी, वेसाव्याचा एखादा तांडेलही असावा. त्यांना कोणत्या कसोट्या दिल्या आणि मतभेद झाला तेथे निवाडा कोणी केला, याची नोंद कंपनीच्या किंवा संस्थेच्या दप्तरात बंद न राहता ग्रामपंचायतीच्या ठरावाप्रमाणे मागेल त्याला पाहावयास मिळावी. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी देशात स्थापन झालेल्या सुरक्षितता संस्थेने, १९८६ प्रमाणे काम केंद्रांत वाटून देताना, यातले एक केंद्र या नोंदींच्या तपासणीसाठीच राखून ठेवावे. जुहूच्या त्या आडरस्त्यावर तज्ज्ञांकडून ज्ञान उतरवून घेण्याच्या कामात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांच्यापैकी काहींना अजूनही सल्ल्यासाठी बोलावता येईल.