बुडबुड्यांच्या मागे धोणी

समुद्रात उडी घेणाऱ्याचे धाडस सगळ्यांना दिसते. त्याला परत उचलून आणणाऱ्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. माझेही गेले नसते. पण गेल्या फेब्रुवारीत चिरंजीव आणि सूनबाई मला मालदीवला घेऊन गेले. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या, आणि वर धोणीत उरलो आम्ही तिघे : कप्तान, एक खलाशी आणि मी.

जागा होती दक्षिण माले प्रवाळवलयाच्या पूर्वेकडची गुराईधू कंडू. कंडू म्हणजे प्रवाळाच्या तटबंदीतली खिंड. बाहेर अथांग महासागर, आत निवांत पाणी, आणि मधल्या खिंडीतून प्रवाह धावतो. ईशान्य वाऱ्यांच्या महिन्यांत तो पूर्वेकडून आत शिरतो. मासे या वाहत्या पाण्याला जमतात, म्हणून पाणबुडेही तिथेच जातात. १ नॉटचा प्रवाह ऐकायला किरकोळ वाटतो; पण तो मिनिटाला सुमारे ३१ मीटर नेतो, म्हणजे ५० मिनिटांत दीड किलोमीटर. नांगरलेल्या होडीकडे उलट पोहत येणे कुणाच्या बापाला जमायचे नाही. म्हणून इथे होडी नांगर टाकीतच नाही. माणसे पाण्याबरोबर वाहतात आणि होडी त्यांच्या मागून जाते.

आधी वाटाड्या एकटाच उतरून प्रवाह पाहून आला. आत वाहत असेल तर चुकलेला माणूस निवांत पाण्यात येतो. बाहेर वाहत असेल तर तो महासागराच्या हवाली. प्रवाह आतच होता. ९ वाजून ४० मिनिटांनी सातही जणांनी उड्या घेतल्या. खलाशाने पाटीवर वेळ आणि आकडा लिहिला.

त्यानंतर बुडबुड्यांचा पाठलाग. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, त्यामुळे तिथून सुटलेला बुडबुडा वर येईतो तिप्पट फुगतो. शांत पाण्यात ही फसफस लांबून दिसते. वाऱ्याने लाटा उठल्या की संपले! शिवाय वारा होडीला ढकलतो, पाण्याखालच्या माणसाला नाही. त्यामुळे कप्तान सारखे इंजिन चालू-बंद करून होडी सावरीत होता आणि बेटावरची माडांची रांग नि मागचा धक्का यांची खूण धरीत होता. आपले कोळी किनाऱ्याची खूण धरतात, अगदी तसेच.

बरोबर १० वाजता खलाशी ओरडला. खूप पुढे, खिंडीच्या पलीकडच्या अंगाला, नारिंगी रंगाची माणसाएवढी नळी पाण्यावर उभी राहिली होती. प्रत्येकाजवळ अशी पिशवी असते. वर येण्याआधी तिच्यात हवा भरून ती दोरीने वर सोडायची. लाटांत माणसाचे डोके नारळाएवढेच दिसते. ही नळी मात्र लांबूनही दिसते. पण इतक्या लवकर कोण? इकडे बुडबुडे तर चालूच होते. म्हणजे मंडळींची फाटाफूट झाली होती. माझ्या छातीत धस्स झाले.

होडी एकच. कुणामागे जायचे? कप्तानाने क्षणभर विचार केला. पाण्याने अर्धा भरलेला पिवळा कॅन त्याने बुडबुड्यांच्या जागी टाकला आणि होडी नळीकडे वळवली. अर्धा भरलेला अशासाठी, की त्याला वारा कमी लागतो आणि तो पाण्याबरोबर जातो.

आम्ही जवळ पोचलो, तरी पाण्यावर डोके नाही! मी कप्तानाच्या दंडाला धरले. त्याने नळीकडे बोट दाखवले : ताठ उभी आहे, म्हणजे खाली कुणीतरी दोरी ओढून धरली आहे. आडवी पडली असती तर काळजी. खाली पाच मीटरवर ते तीन मिनिटे थांबले होते. अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून असे थांबावे लागते. ती तीन मिनिटे मला जन्मभर आठवतील.

वर आले ते चिरंजीव आणि सूनबाई. सूनबाईंच्या चष्म्यात पाणी शिरले, ते काढायला थांबल्या, हे सोबत थांबले. तेवढ्यात प्रवाहाने दोघांना दुसरीकडे नेले. मिनिटभर शोधायचे आणि सापडले नाहीत तर वर यायचे, हा नियम त्यांनी पाळला होता. कप्तानाने इंजिन पंख्यापासून तोडले, पंखा थांबल्याची खात्री केली, मगच शिडी सोडली.

परत फिरलो तेव्हा कॅन बराच आत गेला होता आणि वाऱ्याने थोडा नैर्ऋत्येला सरकला होता. तेवढे अंतर वजा करून कप्तानाने होडी उभी केली. बुडबुडे तिथेच! १० वाजून ३१ मिनिटांनी उरलेले पाचही जण वर आले.

खलाशाने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजणी केली. इतका सोपस्कार कशाला, असे मला आधी वाटले असते. पण १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन दांपत्य मोजणी चुकल्यामुळे समुद्रातच राहिले. होडी निघून गेली आणि ती चूक ध्यानात यायला दोन दिवस लागले. ते सापडले नाहीत. ही हकीकत चिरंजीवांनी मला सांगितली, तीही माले विमानतळावर, परत निघताना. आधी सांगितली असती तर मी त्यांना उतरूच दिले नसते!

दुसऱ्या दिवशी मी सावलीतली खुर्ची सोडून टपावर कप्तानाशेजारी जाऊन बसलो. त्याने न बोलता उन्हाचा काळा चष्मा माझ्या हातात दिला आणि डावीकडचे पाणी माझ्याकडे सोपवले.